शिक्का नोटरीचा, हेलपाटे विधवेचे

गेल्या पावसाळ्यात एका गँगमनची विधवा आमच्या शाखा कार्यालयात आली. (आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात, काम तेच आणि हातोडाही तोच.) नवरा जाऊन अकरा वर्षे झालेली. उपदान, भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन ही सेटलमेंटची रक्कम तिला वेळेवर मिळाली होती, कारण वेल्फेअर इन्स्पेक्टरने घरी जाऊन फॉर्म भरून घेतले होते. राहिले होते ते नवऱ्याच्या जुन्या बँक खात्यातील १९ हजार रुपये. नोकरीची पहिली वर्षे दुसऱ्या राज्यात गेली, खाते तिकडचे, आणि पासबुक ट्रंकेच्या तळाशी इतक्या वर्षांनी सापडले.

दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ सालचा. तिथे गेलेली रक्कम बुडत नाही. वारसाने बँकेकडे मागावी, बँकेने द्यावी व मग निधीतून भरून घ्यावी, अशी व्यवस्था आहे. एवढे सोपे. पुढे कागद सुरू होतात.

पासबुकावर नामनिर्देशन तिचेच होते, पण 'शांताबाई' म्हणून. आधारवर 'शांता', मृत्यूच्या दाखल्यात 'शांतीबाई'. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची, असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र बँकेने मागितले. तालुक्याच्या कोर्टाबाहेर टाइप करून तिने ते पाठवले. परत आले, कारण शिक्क्यापाशी नोंदवहीचा अनुक्रमांक नव्हता. दुसऱ्यांदा परत आले, कारण मुद्रांक 'आमच्या राज्याचा' नव्हता. तिसऱ्यांदा नोटरी केलेले हमीपत्र आणि दोन जामीन मागितले. बाई रोजंदारीवर जाते. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे, टायपिंग, नोटरी, टपाल. शेवटी तिनेच आम्हाला विचारले, "भाऊ, सोडून देऊ का?" असे सोडून दिलेले पैसेच पुढे 'दावा न केलेली रक्कम' म्हणून हिशेबात दिसतात.

नामनिर्देशन असेल तर रक्कम कितीही असो, वारस दाखला किंवा हमीपत्र मागू नका, असे रिझर्व्ह बँकेने ९ जून २००५ रोजीच बँकांना कळवले होते. २०२५ साली त्याच बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवी निर्देशावली काढली, तीत सर्व कागद मिळाल्यावर १५ दिवसांत निकाल लावण्याची मुदत आहे. ही परिपत्रके खिडकीपर्यंत पोहोचत नाहीत. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर आमचा राग नाही. तोही कामगारच आहे, आणि उद्या चौकशी लागली तर वरचा साहेब त्याचेच नाव पुढे करणार. म्हणून तो एक कागद जास्त मागतो.

पण नोटरी करतो काय, हे एकदा पाहिले पाहिजे. १९५२ च्या कायद्याप्रमाणे तो समोर आलेल्या माणसाची ओळख पाहतो, शपथ देतो, सही घेतो आणि नोंदवहीत नोंद करतो. शांता आणि शांताबाई एकच, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ठाऊक आहे ते रेल्वेला. पाससाठी कुटुंबाची यादी दिलेली असते, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदावर नवराबायकोचा फोटो असतो. पर्सनल ब्रँचच्या एका पत्राने जे सिद्ध होईल, ते आधीच शिक्के मारून ठेवलेल्या कोऱ्या कागदाने व्हायचे नाही. असे कागद कोर्टाच्या आवारात मिळतात, हे सर्वांना माहीत आहे. आणि खोटे निवेदन करणाऱ्याला शिक्षा व्हायला साध्या कागदावरची घोषणाही पुरते.

नोटरी नकोच, असे आम्ही म्हणत नाही. दोन बायका दोन्हीकडून हक्क सांगतात, एक भाऊ दुसऱ्याच्या नावाने सही करतो, गावाकडची म्हातारी मुलाला मुखत्यारपत्र देते, तिथे शपथ आणि नोंदवही दोन्ही हवीत. आम्ही अशी भांडणे मिटवता मिटवता म्हातारे झालो. आमचे म्हणणे नावातल्या एका 'बाई'पुरते आहे.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा आला. सरकारी कार्यालयात व न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे मात्र किती जणांना सांगितले जाते? नोटरीने दरपत्रक लावले पाहिजे आणि फीची पावती दिली पाहिजे, हेही नियमातच आहे. सभासदांनी पावती मागावी.

दोष आमचाही आहे. वर्गणीची पावती फाडताना आम्ही नामनिर्देशनाबद्दल विचारत नाही. लग्नाआधी आईचे नाव लावलेला सभासद तीस वर्षांनी तसाच निवृत्त होतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नावे लावता येतात, हेही शाखांच्या सभेत सांगितले गेले पाहिजे.

पुढच्या पीएनएमसाठी आम्ही विषय दिला आहे: नावातील फरकाबद्दल पर्सनल ब्रँचने सात दिवसांत विनाशुल्क पत्र द्यावे आणि वेल्फेअर इन्स्पेक्टरने ते वारसाच्या हाती पोहोचवावे. इतर विभागांतील शाखा सचिवांनी परत आलेल्या दाव्यांच्या नकला, त्यावरील शेऱ्यांसह, आमच्याकडे पाठवाव्यात. त्या बाईचा अर्ज चौथ्यांदा गेला आहे, या वेळी २००५ च्या परिपत्रकाची प्रत जोडून.