गुण किती आणि गुण कोणते?

प्रगतिपुस्तक घरीं आलें कीं बहुतेक घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘गुण किती पडले?’’ आमच्या भाषेनें ‘गुण’ या एकाच शब्दांत दोन अर्थ सांठविले आहेत. परीक्षेंत मिळतात तेही गुण, व माणसाच्या अंगीं असतात तेही गुण. परंतु पहिल्या अर्थानें दुसऱ्यास जणूं घराबाहेर काढिलें आहे. ज्यास आज सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन म्हणतात, तो त्या दुसऱ्या अर्थास पुन्हां घरांत घेण्याचा एक यत्न होय. हा यत्न सर्वथा योग्य आहे. मात्र ज्या रीतीनें तो पुष्कळ ठिकाणीं चालला आहे, त्या रीतीनें तो सफल व्हावयाचा नाहीं, असें आमचें मत आहे.

हा विचार अगदीं नवा आहे असें नव्हे. १९५२-५३ सालच्या मुदलियार आयोगानें सांगितलें होतें कीं, केवळ शेवटच्या परीक्षेवरून विद्यार्थ्याची किंमत ठरवूं नये. शाळेनें ठेविलेल्या नोंदी व वर्षभरांतील चाचण्या यांचाही हिशेब धरावा. पुढें २००९ सालीं बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला व तो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत महाराष्ट्र शासनानें पहिलीपासून आठवीपर्यंत ही पद्धति लागू केली. तिचे दोन भाग केले : आकारिक व संकलित. पहिली-दुसरीस शंभरांपैकीं ७० गुण आकारिक मूल्यमापनास व ३० संकलितास. वरच्या वर्गांत हें प्रमाण बदलत जाऊन सातवी-आठवीस ४० व ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, लहान चाचणी, किंबहुना पुस्तक उघडें ठेवून द्यावयाची चाचणीही, हीं सर्व आकारिक मूल्यमापनाचीं साधनें ठरलीं.

या दोन शब्दांतील भेद कुंभारवाड्यांत चांगला समजतो. बाजारांत मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, ती संकलित परीक्षा. कुंभार मात्र चाकावर ओली माती फिरत असतांनाच बोटांनीं तिची जाडी चाचपतो, ती आकारिक. टिचकीनें भेग कळते, परंतु ती बुजवितां येत नाहीं. बोटांस कळलेला दोष मात्र त्याच क्षणीं सुधारतां येतो. म्हणून जी नोंद शिक्षकाच्या पुढील कृतीस कारण होत नाहीं, ती कितीही सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असो, तिला आकारिक म्हणणें व्यर्थ होय.

आणि येथेंच घोडें पेंड खातें. वर्णनात्मक नोंदींचीं तयार पुस्तकें बाजारांत मिळतात. ‘वाचनाची आवड आहे’, ‘उपक्रमांत आनंदानें भाग घेतो’, ‘गणितांत सुधारणा आवश्यक’ अशीं वाक्यें त्यांतून उतरून चाळीस नांवांपुढें आळीपाळीनें मांडिलीं कीं काम झालें. प्रकल्पाची गोष्ट याहून वेगळी नाहीं. तो कधीं वडील करितात, कधीं दुकानदार करितो. मूल त्यावर आपलें नांव तेवढें घालतें. अशा रीतीनें कागद सातत्यपूर्ण होतो, सर्वंकषही होतो. मूल्यमापन मात्र कोणाचेंच होत नाहीं.

याचा परिणाम कोणास भोगावा लागतो? आठवीपर्यंत कोणासही त्याच इयत्तेंत मागें ठेवूं नये, असें मूळ कायद्यानें सांगितलें होतें. ‘परीक्षाच नको’ असें त्यानें कोठेंही सांगितलें नव्हतें. उलट मूल्यमापन अखंड चालावें, असें सांगितलें होतें. लोकांनीं पहिली आज्ञा उचलली, दुसरी तशीच ठेविली. मग नववीच्या वर्गांत असे विद्यार्थी येऊन बसूं लागले कीं, ज्यांस जोडाक्षरांपाशीं अडखळल्यावांचून उतारा वाचतां येत नाहीं. अखेर २०१९ सालीं कायदा सुधारण्यांत आला, व महाराष्ट्रांत २०२३-२४ या वर्षापासून पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हां आली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास फेरपरीक्षेची संधि आहे. तींतही न उतरल्यास त्यास त्याच वर्गांत बसावें लागतें.

जुनी पद्धति जिंकली, असें म्हणून कित्येकांस यामुळें समाधान वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वार्षिक परीक्षेशीं आमचें वैर नाहीं; विद्यार्थी कोठवर आला हें ती स्पष्टपणें सांगते, व असें स्पष्ट सांगणारें कोणी तरी पाहिजेच. परंतु पांचवींत जो थांबविला गेला, तो वास्तविक पांचवींत थांबलाच नव्हता. तो तिसरींत हातच्याच्या वजाबाकीपाशीं थांबला होता, आणि तें कोणीं लिहून ठेविलें नव्हतें. त्यास आणखी एक वर्ष त्याच बांकावर बसविल्यानें ती वजाबाकी आपोआप येईल काय?

खरी नोंद कशी असावी? ‘५०२ मधून १७८ वजा करितांना मधल्या शून्यापाशीं चुकतो, काड्यांचे गठ्ठे सोडून दाखविले, शुक्रवारीं पुन्हां पाहणें’ अशी एक ओळ दहा गोड वाक्यांहून मोलाची आहे. तींत दोष आहे, उपाय आहे, व उपाय लागू पडला कीं नाहीं हें पाहण्याचा दिवसही आहे. साठ मुलांच्या वर्गांत हें कसें साधावें, अशी शंका शिक्षकबंधु काढितील, व ती रास्त आहे. परंतु सर्वांविषयीं रोज लिहा, असें आम्ही म्हणत नाहीं. दिवसास पांच मुलांकडे नीट पाहिलें तर बारा शाळेच्या दिवसांत साठही होतात. त्यासाठीं शिक्षकांवरील इतर कागदांचें ओझें कमी व्हावें, ही मागणी मात्र आम्ही आग्रहानें करितों.

पालकांसही येथें वांटा आहे. १९८८ सालीं रूथ बटलर या विदुषींनीं इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांस केवळ गुण दिले, कांहींस केवळ लेखी सूचना, व कांहींस दोन्ही. केवळ सूचना मिळालेल्यांचें काम सुधारलें व त्यांची गोडीही टिकली; दोन्ही मिळालेल्यांस मात्र सूचनेचा तसा लाभ झाला नाहीं. आंकडा दिसला कीं सूचनेकडे कोण पाहतो! आमच्या घरांत याहून निराळें घडतें काय? म्हणून, पालकहो, ‘किती पडले?’ या प्रश्नाआधीं तीन प्रश्न विचारीत जा : या महिन्यांत नवें काय येऊं लागलें? कोठें अडतें? त्यावर शाळा काय करीत आहे, व आम्ही काय करावें? जो पालक हे प्रश्न विचारतो, त्याच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांत तयार पुस्तकांतील वाक्य लिहिण्यास कोणताही शिक्षक धजणार नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमचें खरें मूल्यमापन तुमच्याइतकें जवळून कोणास करितां येणार? २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही प्रगतिपुस्तकांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मतास स्थान दिलें आहे. प्रत्येक वहीचें शेवटचें पान आपल्या चुकांसाठीं राखून ठेवा. चूक लिहा, ती कां झाली तें लिहा, आणि ती पुन्हां झाली नाहीं त्या दिवसाची तारीख तिच्यापुढें घाला. वर्षाच्या अखेरीस त्या पानावर जितक्या तारखा असतील, तितके गुण तुम्हीं स्वतः मिळविलेले असतील. आणि ते दोन्ही अर्थांनीं गुणच होत.