फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी

ईदला भाचा पुण्याहून आला, नवा मॅक घेऊन. लग्नाचे फोटो माझ्या हार्ड डिस्कवर टाकायचे होते. डिस्क जोडली, आतल्या फाइली दिसल्या, पण एकही फोटो तिच्यात जाईना. "मामू, फॉरमॅट करून टाकतो, मग चालेल," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला. त्याच डिस्कमध्ये अम्मीच्या आवाजातलं दोन तासांचं रेकॉर्डिंग होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. अम्मी आता नाही.

विंडोजवर वापरलेली मोठी डिस्क बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मॅकच्या एपीएफएस पद्धतीची डिस्क तर विंडोजला वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय वाचताही येत नाही. उलट 'आधी फॉरमॅट करा' अशी सूचना येऊ शकते. डिस्क बिघडलेली नसते, लिपी वेगळी असते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू वाचता येत नाही म्हणून पुस्तकाची पानं कोरी करा, असं कुणी म्हणत नाही. फॉरमॅट म्हणजे नेमकं तेच.

दोघांनाही वाचता-लिहिता येईल अशी पद्धत म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ साली आणली. २०१० पासून मॅकवरही ती चालते. जुनी फॅट३२ सुद्धा दोन्हीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो.

आम्ही आधी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. मगच डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली.

तरीही माझं मत असं, की देवाणघेवाणीची डिस्क वेगळी हवी आणि जपणुकीची वेगळी. एक्सफॅटमध्ये लिहिण्याची नोंद ठेवणारी जर्नलची सोय नाही. फाइल जात असताना वायर ओढली तर नुकसान होण्याची भीती जास्त. म्हणून दरवेळी आधी 'इजेक्ट' करायचं, मगच वायर काढायची. आणि हातोहात फिरणारी डिस्क पडते, हरवते, कुणाच्या तरी घरी राहते.

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचे आवाज, जुनी कागदपत्रं, निकाहाचे फोटो एकाच डिस्कवर पडून असतात. आज एवढंच करा: त्यांची दुसरी प्रत काढा आणि ती उघडते का, ते पाहा. फॉरमॅटचं काय ते नंतर ठरवता येईल.