चष्म्यातील जग आणि वर्गातील गुरुजी

मुलांच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवून त्यांस ग्रहमाला किंवा हृदयाचे कप्पे दाखवावेत काय, हा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. उद्या तो आपल्या हातोदच्या शाळेपुढेही येईल. ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’ अर्थात आभासी वास्तव या नावाने दचकण्याचे कारण नाही. दोन डोळ्यांना किंचित निराळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे व्हीट्स्टनने १८३८ मध्येच दाखवून दिले. नव्या चष्म्याची मोठी भर ही की, मान वळवली की चित्रही वळते.

दाखवण्याजोगे पुष्कळ आहे. १९८४ च्या आगीपूर्वीचा इंदूरचा राजवाडा आज कोणास पाहता येणार नाही. जुन्या छायाचित्रांवरून तो चष्म्यात उभा केला, तर मुलांस इतिहास डोळ्यांनी दिसेल. परंतु आज उभा असलेला राजवाडा पाहण्यास हातोदच्या मुलांना चष्मा नको, बस हवी. दूरचे, धोक्याचे आणि नाहीसे झालेले यंत्राने दाखवावे. जवळचे पायी फिरून पाहावे.

मी गाणे शिकवतो. आमचे घराणे दरबारी गवयांचे. ध्वनिमुद्रिकेने इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँ यांचा विलंबित ख्याल घरोघर नेला, हे तिचे उपकारच होत. परंतु शिष्याचा सूर घसरला, हे तबकडी सांगत नाही. चष्म्याचेही तसेच आहे. शिवाय तो चढवला की मुलाचे डोळे गुरुजींस दिसेनासे होतात, आणि न समजल्याची पहिली खूण तर डोळ्यांतच उमटते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांस २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेही परदेशांतील वर्गांस पडद्यावरून सफरी घडवीत. परंतु त्या सफरींत बोलणारा शिक्षक समोर असे. उलट, गूगलने शाळांसाठी काढलेली ‘एक्स्पिडिशन्स’ ही सफरींची योजना २०२१ मध्ये बंद झाली. यंत्रे अशी येतात आणि जातात. त्यांवर घातलेला पैसा परत येत नाही.

म्हणून शाळेने चष्मे जरूर आणावेत, पण मोजके. दहा मिनिटे पाहावे, मग ते उतरवून अर्धा तास बोलावे, चित्र काढावे, शंका विचाराव्यात. आणि जिथे शिक्षकाची जागा रिकामी आहे, तिथे पहिला रुपया शिक्षकावर खर्च व्हावा. पाहिलेले समजावून देणारा कोणी नसेल, तर तो चष्मा म्हणजे जत्रेतली गंमतच ठरेल.