पाठीमागचा ट्रक किती दूर?

साक्रीहून दहिवेलकडे जाणाऱ्या सुरत-धुळे महामार्गाच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा आणि मोटारसायकलींकडे पाहा. कितीतरी गाड्यांचे आरसे काढून टाकलेले दिसतील. "सर, आरशात दिसतं काय? स्वतःचं कोपर!" असे आमच्या वर्गातली मुले सांगतात. तीच मुले आता विचारतात, आरशाऐवजी मागे कॅमेरा बसवला तर? २०१६ साली जपानने मोटारींना तशी परवानगी दिलीच आहे. प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर तुमच्या प्रकाशाच्या धड्यात आहे.

पुष्कळ मोटारसायकलींचा आरसा बहिर्गोल असतो. त्यात रस्ता रुंद दिसतो, पण किंमत मोजावी लागते. समजा, आरशाचे नाभीय अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि अडीच मीटर रुंदीचा ट्रक ३० मीटर मागे आहे. सूत्र मांडून पाहा. त्याची प्रतिमा आरशामागे सुमारे ५९ सेंटिमीटरवर पडते आणि तिची रुंदी जेमतेम ४.९ सेंटिमीटर भरते. डोळा आरशापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर हा ट्रक ६६ मीटर दूर असल्याइतका लहान दिसतो! गावाच्या फाट्यावर उजवीकडे वळताना मीही एकदा असाच फसलो आहे. ट्रक लांब आहे असे वाटले, आणि कर्णा कानाशीच वाजला.

दुसरी खोड थरथरीची. आरसा १ अंशाने हलला की परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. म्हणजे ३० मीटर मागचे दृश्य एका मीटरने सरकते. १९११ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरूनने आपल्या मोटारीवर मागचे पाहण्यासाठी आरसा बसवला आणि शर्यत जिंकलीही. पण विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसले नाही, असे त्यानेच पुढे सांगितले. आपल्या खड्ड्यांचे वेगळे काय सांगावे! कॅमेरा १ अंश हलला तर दृश्यही १ अंशच हलते. शिवाय तो शेपटाला असल्यामुळे कोपर आणि मागे बसलेला माणूस आड येत नाहीत. हे त्याचे खरे गुण आहेत.

कॅमेऱ्याचे चित्र उशिरा दिसते, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. ट्रक ताशी ३६ किलोमीटर जास्त वेगाने येत असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागात एक मीटरच जवळ येतो. खरी अडचण पडद्याची आहे. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात तो फिका पडतो. त्यावरचे चित्र सपाट असते. आरशात डोके जरा हलवून थोडे अधिक पाहता येते, तसे इथे येत नाही. दूरच्या रस्त्यावरून हातभर अंतरावरच्या पडद्यावर नजर आणायलाही वेळ लागतो. तुमचे डोळे हे चटकन करतात. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्याला ते जमत नाही. भिंगावर धूळ किंवा चिखल बसला, वायर तुटली, की सारेच संपले.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. म्हणून माझे मत असे, की कॅमेरा हौसेने बसवा, पण आरशांच्या जोडीला. आरसे काढून नव्हे. आणि वळण्यापूर्वी मान वळवून पाहणे दोघांनाही चुकवता येत नाही.

तुमच्यापैकी बहुतेक जण अजून मागच्या सीटवरच बसत असाल, आणि ते योग्यच आहे. पण शाळेच्या मैदानावर शिक्षकांची उभी गाडी वापरून हे करून पाहा. शिक्षकांना गाडीवर बसवा. मित्राला १० मीटर मागे आडवे चालायला सांगा आणि जिथे तो दोन्ही आरशांतून नाहीसा होतो, तिथे फक्कीने खुणा करा. मग आरसे थोडे बाहेर वळवून पुन्हा खुणा करा, आणि न दिसणारा पट्टा किती मीटरने कमी झाला ते मोजा.