कोठारप्रमुखाचा धर्म
अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यांत चिरंजीव स्टोअर-मॅनेजर झाले, कीं त्यांचा पगार विचारण्यापूर्वीं सुज्ञ गृहस्थांनीं त्यांचें कर्तव्य विचारावें. कोठार राखणें म्हणजे केवळ किल्ली बाळगणें नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कोष्ठागाराध्यक्षास बजाविलें आहे कीं, धान्य उंचावर सांठवावें, जुनें काढून त्या जागीं नवें भरावें, आणि निम्मा सांठा प्रजेच्या आपत्काळासाठीं राखावा. आपत्काल ही केवळ पोथींतली गोष्ट नव्हे. जुलै २०१९ मध्यें उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडविली, आणि सुमारें हजार उतारू पाण्यांत अडकले. अशा दिवशीं वहींतला आंकडा कोणाची नड भागवीत नाहीं. हातीं लागणारा माल भागवितो. म्हणून वही व माल यांचा मेळ वरचेवर घालून पाहणें, हाच कोठारप्रमुखाचा नित्यधर्म होय.