रांगेतला न्याय

रांग म्हटली की डोळ्यांसमोर रेशनचे दुकान उभे राहते. आधी आला तो पुढे, एवढाच न्याय आपण जाणतो. संगणकांच्या जगात मात्र याहून बारीक विचार झालेला दिसतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात टेबलांवरचे संगणक बराच वेळ रिकामे पडून असत. असे संगणक हेरून त्यांवर दुसऱ्यांची कामे सोपविणारी ‘काँडॉर’ ही व्यवस्था मिरॉन लिव्हनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. मालकाने कळफलकाला बोट लावले, की पाहुणे काम मुकाट्याने बाजूला होई आणि राहिलेल्या जागेपासून दुसऱ्या यंत्रावर सुरू होई. (आपल्याकडे पाहुण्यांना हे कोण शिकविणार!) आज हीच प्रणाली देशोदेशींचे संगणक जोडणाऱ्या ‘ग्रिड’वर कामे वाटते.

खरी मौज त्या वाटपात आहे. ज्याने यंत्रे अधिक वापरली त्याचा क्रम खाली जातो. थांबून राहिलेल्याचा वर चढतो. जुना वापर जन्मभर उगाळला जात नाही. व्यवस्थापकाने बदल केला नाही, तर त्याचे ओझे दर दिवसाला निम्मे होते.

येथवर मी टाळ्या वाजवीन. पण प्रत्येकाच्या क्रमाला एक गुणकही लावलेला असतो, आणि तो माणूस ठरवितो. दोघांचा वापर सारखा असूनही एकजण मागे राहू शकतो. त्यावर ‘संगणकाने ठरविले’ हे उत्तर मला मान्य नाही. हे गुणक फलकावर लावावेत आणि ते ठरविताना भाषेच्या अभ्यासकालाही विचारावे. हजारो पाने चाळायला त्यालाही रात्रभर यंत्र लागते.