विरंगुळ्याचा बाजार

राज्यसेवा परीक्षेचा निकाल जाहीर होतो त्या दिवशी पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कोठे तरी गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती याच मंडळींची. पण काही शे जागांसाठी लाखो उमेदवार बसतात, तेव्हा ज्यांचे नाव यादीत नाही अशांचीच संख्या त्या पेठांतून कितीतरी मोठी असते. ही मुले त्या रात्री काय करतात? घरी फोन करण्याचे धैर्य होत नाही. कोणाच्या बापाने शिकवणीसाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो, कोणाच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबलेले असते. खोलीत चौघे राहतात, परंतु चौघांचीही अवस्था तीच असल्यामुळे कोणी कोणाशी बोलत नाही. दिवा मालवला जातो आणि चार खाटांवर चार मोबाइलचे पडदे उजळतात. कोणी नाचतो आहे, कोणी पुढाऱ्याची नक्कल करतो आहे, कोणी पदार्थ करून दाखवतो आहे; एक चित्रफीत संपण्यापूर्वी अंगठा दुसरी पुढे आणतो. खोलीत कोणी हसत नाही. रात्रीचे तीन वाजतात. झोप लागते ती थकव्याने, आणि सकाळी जाग येते तेव्हा निकाल जागच्या जागी असतो.

असे प्रसंग केवळ विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतात असे नाही. कंत्राट संपले म्हणून कारखान्याच्या दारातून परत पाठवलेला कामगार, कांद्याचा भाव कोसळलेला पाहून बाजार समितीतून रिकाम्या मनाने घरी आलेला शेतकरी, नवऱ्याच्या पश्चात भरल्या घरात एकटी पडलेली स्त्री, या सर्वांच्या हातांत आज तेच यंत्र आहे. ज्या भावनेकडे पाहवत नाही तिच्यापासून काही तास सुटका करून घेण्याचे ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचे साधन झाले आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि हे साधन खेड्यापाड्यांत पोहोचले.

या विषयावर दोन प्रकारची प्रवचने आपण ऐकतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, नवी पिढी बिघडली. तज्ज्ञ सांगतात, संयम ठेवा, ध्यान करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्यात तिरस्कार आहे, दुसऱ्यात सहानुभूती आहे. परंतु दोन्हींमध्ये प्रश्न व्यक्तीच्या स्वभावाचा मानलेला आहे. समाजवादी कार्यकर्त्याने याच्यापलीकडे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

दुःखापासून तोंड फिरवण्याची इच्छा जुनीच आहे, आणि ती निंद्यही नाही. ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरची लहान पोरे शेजारीण आपल्याकडे नेते, त्यांना जेवू घालते, गोष्ट सांगते. हाही विरंगुळाच. गिरणगावातील कामगार बारा तासांचे श्रम आणि दहा बाय दहाच्या खोलीतील दाटी विसरण्यासाठी भजनी मंडळात बसत होता, शाहिरांचे कार्यक्रम ऐकत होता, तसाच तो दारूच्या गुत्त्यावर आणि मटक्याच्या अड्ड्यावरही जात होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे न घेताच विरून गेला, तेव्हा हरलेल्या माणसांपैकी किती जण कोकणात आणि घाटावर आपल्या गावी परतले आणि किती जण गुत्त्यात बुडाले, याच्या कहाण्या त्या वस्तीतील प्रत्येक घराला ठाऊक आहेत. तेव्हा पूर्वीचे सारे विरंगुळे निर्मळ होते, असा दावा आम्ही करीत नाही.

भेद आहे तो निराळाच आहे. शेजारणीला त्या पोरांचे दुःख माहीत असते आणि संध्याकाळी ती त्यांना घरी आणून सोडते. भजनातील माणसाला शेजारच्या टाळकऱ्याने चार दिवस गैरहजेरीचे कारण विचारलेले असते. त्या विरंगुळ्याला शेवट होता आणि त्यात दुसरा माणूस होता. आजच्या विरंगुळ्यात या दोन्ही गोष्टी राहिलेल्या नाहीत, आणि त्या आपोआप नाहीशा झालेल्या नाहीत. त्या काढून टाकण्यात आल्या आहेत.

समाजमाध्यमांचे पान पूर्वी खाली संपत असे आणि पुढचे पाहायचे की नाही हे माणसाला ठरवावे लागे. कधीही न संपणाऱ्या पानाची रचना २००६ मध्ये ॲझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पसंतीचा अंगठा फेसबुकवर २००९ मध्ये आला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये उघडपणे कबूल केले की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसे खेचून घेता येईल या विचारातूनच ही रचना झाली, आणि मानवी मनातील एका दुबळ्या जागेचा फायदा जाणूनबुजून घेण्यात आला. जानेवारी २०१२ मध्ये तर याच कंपनीने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानावरील आनंदाचा किंवा दुःखाचा मजकूर कमी करून त्यांच्या स्वतःच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते तपासले. आपल्यावर हा प्रयोग चालू आहे, याची त्या लोकांना कल्पनाही नव्हती. प्रयोगाचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला ते कळले.

या कंपनीचे नाव आता मेटा आहे आणि तिच्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींतून येतो. जाहिरातदाराला विकायचे असते ते माणसाचे लक्ष. मग विचार करावा, की सर्वांत अधिक वेळ पडद्यासमोर कोण बसेल? ज्याला घरी जाण्याची ओढ आहे, ज्याची मित्रमंडळी कट्ट्यावर वाट पाहत आहेत, तो फोन खिशात घालून निघून जाईल. ज्याला जायला जागा नाही आणि स्वतःच्या मनात परतण्याची भीती वाटते, तोच बसून राहील. म्हणजे माणसाचा एकटेपणा हाच या धंद्याचा कच्चा माल आहे. कापसाच्या गिरणीने श्रम विकत घेतले. ही गिरणी श्रम करून थकलेल्या माणसाची रात्र घेते, आणि तिचे दामही देत नाही.

महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर, १८९० मध्ये, गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. ही लढाई केवळ शरीराला विसावा मिळावा एवढ्यासाठी नव्हती. कामगाराला स्वतःचा असा काही वेळ असावा, त्यात त्याने वाचावे, बोलावे, आपल्या स्थितीचा विचार करावा, ही तिच्यामागील दृष्टी होती. तो मिळवलेला वेळच आज भांडवल परत नेत आहे, आणि त्याला मालकाची शिटी वाजवावी लागत नाही. आपणच तो आपल्या हाताने देऊन टाकतो.

यात खरे नुकसान कोणते? डोळे बिघडतात, झोप जाते, हे खरे आहे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी, की दुःखाला वाचा फुटण्यापूर्वीच ते बधिर केले जाते. त्या खोलीतील चौघे एकमेकांशी बोलले असते, तर प्रथम एकमेकांचे सांत्वन झाले असते. मग हळूहळू प्रश्न निघाले असते : मंजूर पदे रिकामी का राहतात? कायम नोकरीच्या जागी कंत्राट का येते? शेतीत भागत नाही आणि कारखान्यात टिकता येत नाही, म्हणून सारे आयुष्य एका परीक्षेवर लावण्याची पाळी आपल्यावर कोणी आणली? बोललेले दुःख प्रश्न विचारू लागते, आणि प्रश्न चौघांचा झाला की त्याची मागणी होते. न बोललेले दुःख मात्र स्वतःलाच दोष देत राहते. ‘मीच नालायक’ हा निष्कर्ष एकांतातच पक्का होतो, आणि तो किती घातक ठरू शकतो हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

याच विद्यार्थ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर रात्र रात्र बसून, दुसऱ्या परीक्षेच्या तारखेशी टक्कर होणारी लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा पुढे ढकलायला लावली. बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णयही तरुणांच्या असंतोषामुळे राज्य सरकारला ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द करावा लागला. अशा वेळी निरोप फिरतात ते याच मोबाइलवरून, हे आम्ही विसरत नाही. परप्रांतातील मजुराला त्याच्या मुलाचे तोंड दिसते ते याच पडद्यावर, आणि ज्यांना छापील वृत्तपत्रांनी कधी जागा दिली नाही त्यांनी आपले म्हणणे मांडले तेही येथेच. मोबाइल फोडून टाका, असे सांगणारे आम्ही नव्हेत. माणसाला माणसाकडे नेणारा उपयोग कोणता आणि माणसाला स्वतःपासूनही दूर नेणारा कोणता, हे ओळखण्याची सवय लागली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आपल्याच मंडळींना द्यावीशी वाटते. प्रत्येक अश्रूचा ठराव होत नाही. आई गेली, मूल दुरावले, लग्न मोडले, अशा दुःखांना कोणतीही समाजरचना पूर्णपणे टाळू शकणार नाही. त्यांच्यावर घोषणा हा उपाय नाही. तेथे जवळ जाऊन बसावे लागते, आणि बहुधा गप्प बसावे लागते. ज्या कार्यकर्त्याला हे जमत नाही, त्याच्याजवळ लोक आपली आर्थिक गाऱ्हाणीही मोकळेपणाने सांगणार नाहीत.

आणि आपण स्वतः? निवडणुकीतील पराभवानंतरची संध्याकाळ आठवून पाहावी. मतमोजणी दुपारीच संपलेली असते. ज्याने पदरमोड करून महिनाभर गावे पालथी घातली, तो कार्यकर्ता घरी जाऊन दार लावून घेतो. इकडे पक्षाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्रभर मजकुराचा पूर वाहत असतो : प्रतिपक्षाची टिंगल, यंत्रांवर संशय, जुन्या नेत्यांची छायाचित्रे, क्रांतीच्या घोषणा. त्या कार्यकर्त्याच्या घरी मात्र कोणी जात नाही. पराभव का झाला या प्रश्नाजवळ बसवत नाही, म्हणून आपणही अंगठाच चालवत असतो. अन्यायाची बातमी वाचून चार जळजळीत ओळी लिहिल्या, त्यांना दोनशे पसंत्या आल्या, की काही केल्याचे समाधान होते आणि राग निवतो. तो राग दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीपर्यंत पोहोचत नाही. सदाशिव पेठेतील मुलाचा विरंगुळा आणि आमचा निषेध यांत अशा वेळी फारसे अंतर उरत नाही, हे कबूल करण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे.

मग करावयाचे काय? शासनाकडे मागण्या आहेतच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क मानला. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ या क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवाही सुरू झाली. हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेत, कामगार संघटनेच्या प्रत्येक कचेरीत लावलेला असावा. परंतु दूरध्वनीवर भागणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशक नेमा, ही मागणी लावून धरली पाहिजे. कंपन्यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली. मुलांना दूर ठेवून यंत्र जसेच्या तसे चालू ठेवणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. न संपणारे पान आणि आपोआप सुरू होणारी चित्रफीत ही रचनाच कायद्याच्या कक्षेत आली पाहिजे.

याखेरीज कायद्याची वाट न पाहता करण्याजोग्या काही साध्या गोष्टी आहेत. शाखेच्या बैठकीत पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवून प्रत्येकाने आपले कसे चालले आहे ते सांगावे. जो दोन बैठकांना आला नाही त्याला संदेश न पाठवता त्याच्या घरी जावे. संघटनेच्या कचेऱ्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्या उघड्या ठेवाव्यात, तेथे चहा असावा, चार पुस्तके असावीत, कॅरमचा बोर्ड असावा आणि ऐकून घेणारा एक माणूस असावा. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तेव्हा स्वस्त आणि सकस अन्न ही चळवळीची जबाबदारी आहे असे तिने मानले. पोटाची भूक आजही शिल्लक आहे. तिच्या जोडीला सोबतीची भूक वाढली आहे, आणि ती भागवण्याचे काम बाजारावर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पुढील निकाल लागेल तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांचे अभिनंदन करायला पुष्कळ जण जातील. पडदे उजळलेल्या त्या दुसऱ्या खोलीचे दार ठोठावणारा कोणी तरी आपल्यापैकी असला पाहिजे.